वाट्याला आलेलं: 'इडिपस राजा'च्या अनुवादाच्या नोंदी

३ जून

सोफोक्लीसच्या 'इडिपस राजा'चा पहिला खर्डा काल रात्री पुरा झाला. हे अभिवाचनासाठी आहे. वाचक सात, वेळ दीड तास, प्रयोग ४ ऑक्टोबरला. मूळ नाटक १५३० ओळींचं आहे, म्हणजे बरंच कापावं लागणार. समोर मूळ ग्रीक नाटकाची जेब यांनी संपादलेली १८८३ सालची आवृत्ती आहे. ग्रीक शिकायला लागून मला चार वर्षं झाली. अजून कोश उघडल्याशिवाय पान उलटत नाही, पण आता शब्दाला हात लावून बघता येतो. पु. लं.चं 'राजा ओयदिपौस' कपाटात आहे. हे काम हातावेगळं होईपर्यंत ते उघडायचं नाही असं ठरवलंय. त्यांची लय एकदा कानात बसली की माझी वाक्यं तिच्या मागे जातील.

दिग्दर्शकाने पत्रकाचा मसुदा पाठवलाय. वर मोठ्या अक्षरांत: 'नियतीच्या हातचं बाहुलं'. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट मांडता यावं म्हणूनच ही वही सुरू केली. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा भाकीत खरं होऊन कित्येक वर्षं लोटली आहेत. बाप मेलाय, आईशी लग्न झालंय, चार मुलं आहेत. नियतीला करण्यासारखं काही उरलेलंच नाही. रंगमंचावर फक्त एक माणूस, आधीच्या राजाचा खून कुणी केला म्हणून, प्रश्न विचारत सुटतो. डेल्फीच्या देवाने, अपोलोने, त्याला बाप मारशील, आईशी रत होशील एवढं सांगितलं होतं. 'आणि हे सगळं तू स्वतः शोधून काढशील' असं सांगितलं नव्हतं.

८ जून

दिग्दर्शकाच्या घरी पहिलं वाचन झालं. त्याची आई, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, बाजूला तांदूळ निवडत ऐकत होत्या. जोकास्टाचं, म्हणजे इडिपसच्या राणीचं, त्याच्याच आईचं, भाषण आलं. लायसला, तिच्या पहिल्या नवऱ्याला, म्हणजे आधीच्या राजाला, देववाणी झाली होती ती ती सांगते, ओळ ७११ पासून. माझ्या खर्ड्यात होतं: 'पोटच्या पोराच्या हातून मरण, हे त्याचं प्रारब्ध.'

काकूंचा हात ताटात थांबला. "मग मागच्या जन्मी त्याने काय केलं होतं गं?"

"काही नाही काकू. या गोष्टीत मागचा जन्मच नाही."

"मग प्रारब्ध कसं म्हणतेस? प्रारब्ध म्हणजे आपलंच केलेलं. कुठेतरी केलेलं असतं ते इथे फेडायचं."

मी गप्प बसले, कारण त्या शंभर टक्के बरोबर होत्या. संचितातला जो भाग फळायला लागला तो प्रारब्ध. हा शब्द वापरला की हिशेब आपोआप पुरा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं की या पोराने कधीतरी काहीतरी केलं असणारच. सोफोक्लीस नेमका हाच हिशेब पुरा होऊ देत नाही. तीन दिवसांचंही न झालेलं मूल, दोन्ही घोटे एकत्र जखडून, दुसऱ्यांच्या हातून डोंगरावर टाकलेलं. त्या मुलाच्या खात्यावर काहीही नाही. माझ्या एका शब्दाने ते खातं उघडलं.

९ जून

आज दिवसभर फक्त शब्द.

त्या ओळीत ग्रीक शब्द आहे 'मोइरा'. मूळ अर्थ भाग, हिस्सा. शिकारीतला, लुटीतला, जेवणातला. नंतर आयुष्यातला. ओळीची रचना अशी की मोइरा कर्ता आहे आणि क्रियापद 'येणे': पोराच्या हातून मरण्याचा वाटा त्याच्याकडे येईल.

मराठीत हे आधीच आहे! 'वाट्याला येणं.' वाटाही तोच, येणंही तेच. हा वाक्प्रचार आपण दिवसातून चार वेळा वापरतो आणि मी मात्र पोथीतला शब्द आणून बसवला होता.

मग आणखी खणत गेले. 'भाग्य' भाग या शब्दावरून आलेलं. 'नशीब' अरबीतून आलं आणि तिथे 'नसीब' म्हणजेही हिस्साच. तीन भाषांनी तीन ठिकाणी एकाच ताटाकडे बघून शब्द घडवला: वाढणारा दुसरा, ताट माझं. वाट्यात न्याय असेलच असं नाही. ताटात काय पडलं यावरून माझी लायकी ठरत नाही. पण ताट माझ्या पुढ्यात आहे आणि पुढचं मला बघायचं आहे.

'नियती' बाद. त्या शब्दाला नियम चिकटलेला आहे, शिवाय आपल्या रंगभूमीवर तो इतका गडगडाटासह वापरला गेलाय की ऐकताच वाचक आवाज खाली नेतात. 'दैव' एकदोन ठिकाणी ठेवते, जिथे मूळ शब्द 'दाइमोन' आहे, म्हणजे अंगावर येऊन बसणारी दैवी शक्ती. बाकी सगळीकडे वाटा, वाट्याला, वाट्याचं.

रात्री उशिरा एक अडचण लक्षात आली. 'वाटा' म्हणजे हिस्सा, आणि 'वाटा' म्हणजे वाट या शब्दाचं अनेकवचनही. आणि बापाचा खून झाला तो तीन वाटा मिळतात त्या जागी. आत्ता काही ठरवत नाही.

१७ जून

डेल्फीचा प्रसंग, ओळी ७७४ ते ७९७. यावर आठवडा गेला आणि गेला ते बरं झालं.

कॉरिन्थला, ज्यांनी इडिपसला वाढवलं त्यांच्या गावी, मेजवानीत एक दारू प्यायलेला माणूस इडिपसला म्हणतो की तू बापाचा खरा मुलगा नाहीस. ग्रीक शब्द 'प्लास्टोस', घडवलेला, बनावट. मी 'तू यांच्या पोटचा नव्हेस' असं केलं. आपल्याकडे हे वाक्य असंच येतं आणि असंच जिव्हारी लागतं. इडिपस आईबापांना विचारतो. ते त्या माणसावर चिडतात, पण हो किंवा नाही काहीच म्हणत नाहीत. मग तो कुणाला न सांगता डेल्फीला जातो. विचारायचं असतं की माझे आईबाप कोण. अपोलो त्याचं उत्तर देत नाही. तो स्वतः म्हणतो, ज्यासाठी गेलो त्या बाबतीत मला रिकाम्या हाताने परत पाठवलं. उत्तराऐवजी बापाचं आणि आईचं ते भयंकर भविष्य सांगितलं.

आणि इथे तो काय करतो? कॉरिन्थकडे पाठ फिरवतो. ताऱ्यांवरून अंदाज घेत त्या गावापासून लांब लांब जात राहतो. म्हणजे जो प्रश्न विचारायला तो गेला होता त्याचं उत्तर मिळाल्यासारखा वागतो. आदल्या दिवसापर्यंत शंका होती की हे माझे आईबाप आहेत का. भीतीने ती शंका पुसून टाकली. आता त्याची खात्रीच आहे की तेच आईबाप, म्हणून त्यांच्यापासून पळायचं.

यात देवाने काहीही ढकललेलं नाही. वीस-बावीस वर्षांचा घाबरलेला मुलगा जे करील ते त्याने केलं. मी त्याला दोष देत नाही. दोष आणि निवड या दोन गोष्टी आपण फार पटकन एकत्र बांधतो. अरिस्टॉटलचा 'हमार्तिया' हा शब्द शाळाकॉलेजांत 'नायकाचा स्वभावदोष' म्हणून शिकवला जातो, मलाही तसाच शिकवला गेला. त्या शब्दाचा अर्थ नेम चुकणं, चूक होणं. इडिपसचा इथे नेम चुकलाय. अंधारात दगड मारला आणि तो घरच्याच माणसाला लागला.

वाचकासाठी टीप: 'रिकाम्या हाताने' या शब्दांवर थांबायचं. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की उत्तर मिळालेलं नाही.

२४ जून

ही गोष्ट आधीपासून ठरलेली होती, सोफोक्लीसने ती फक्त मांडली, असं आमच्यातला एक वाचक म्हणाला. तसं नाही. 'ओडिसी'च्या ११व्या सर्गात आईचं नाव एपिकास्टा आहे, ती गळफास घेते, पण इडिपस डोळे फोडत नाही. हालअपेष्टा सोसत थीब्ज या आपल्या नगरावर राज्य करत राहतो. 'इलियड'मध्ये त्याच्या मृत्यूनंतर थीब्जला झालेल्या खेळांचा उल्लेख आहे. एस्खिलसने ४६७ साली (इसवी सनापूर्वी) थीब्जच्या राजघराण्यावर तीन नाटकं सादर केली, त्यातलं शेवटचंच आपल्यापर्यंत आलं. त्यात अपोलो लायसला तीनदा बजावतो की निपुत्रिक मेलास तर नगर वाचेल. युरिपिडीसच्या 'फिनिशियन स्त्रिया'मध्येही तसंच, मूल होऊ देऊ नकोस, झालं तर ते तुला मारील. लायस नशेत ते विसरतो.

म्हणजे इतरांकडे देववाणीत 'तर' आहे. बापाला निवड आहे. सोफोक्लीसने तो 'तर' काढून टाकला. त्याच्याकडे जोकास्टा सांगते ती देववाणी बिनअटीची आहे. का काढला असेल? मला वाटतं, त्याला बापाच्या चुकीची शिक्षा मुलाला असं नाटक करायचं नव्हतं. त्याने निवड सगळी उचलली आणि मुलाच्या आयुष्याच्या एका दिवसात आणून ठेवली. ज्या दिवशी सगळं होऊन गेलंय त्या दिवसात.

६ जुलै

तिठा. ओळी ७९८ ते ८१३.

फोकिसमध्ये, डेल्फीकडून आणि डाउलियाकडून येणारे रस्ते मिळतात ती जागा. जोकास्टा तिचं नाव 'स्खिस्ते' सांगते, दुभंगलेली. सहाशे वर्षांनी पाउसानियास नावाचा प्रवासी तिथे गेला होता. तिठ्याच्या मधोमध लायस आणि त्याच्या सेवकाचं थडगं आहे, वर दगड रचलेले आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय.

गाडीतला म्हातारा आणि गाडीवान इडिपसला रस्त्यावरून जबरदस्तीने बाजूला करतात. तो गाडीवानाला मारतो. म्हातारा टपून राहतो आणि तो गाडीजवळून जाताना त्याच्या डोक्याच्या मधोमध हाणतो. कशाने? खर्ड्यात मी 'चाबूक' लिहिला होता. मूळ आहे 'दुहेरी केंत्रा', म्हणजे जनावराला टोचायची दोन टोकांची काठी. याला मराठीत शब्द आहे: पराणी. तिच्या टोकाला लोखंडी आर असते. म्हणून 'दोन आरांची पराणी'. बापाने पोराला बैलासारखं टोचलं. हा अपमान चाबकात येत नव्हता.

आता खरी गंमत. १३१८ व्या ओळीत, डोळे फोडून बाहेर आलेला इडिपस म्हणतो की या केंत्रांची टोचणी आणि झाल्या गोष्टींची आठवण, दोन्ही एकदमच आत शिरल्या. तोच शब्द! तिठ्यावर डोक्यात घुसलेली आर आता डोळ्यांत. मी दोन्हीकडे 'आर' ठेवली. ऐकणाऱ्याला आठवो न आठवो, आवाज एकच राहील. (आपण रोज वापरतो तो 'केंद्र' हा शब्दही याच केंत्रोनवरून संस्कृतात आला. कंपासाचं टोचणारं टोक म्हणजे वर्तुळाचा मध्य.)

दुसरी अशीच जोडी मात्र हातून निसटली. लहानपणी जखडलेले घोट्यांचे सांधे आणि शेवटी जोकास्टाच्या सोन्याच्या टाचण्यांनी फोडलेल्या डोळ्यांच्या खोबणी, या दोन्हींना सोफोक्लीस 'आर्थ्रा' म्हणतो. एका जागी बापाचा हुकूम, दुसऱ्या जागी स्वतःचा हात. मराठीत डोळ्यांना सांधे नसतात. चार तास घालवले, शेवटी सोडून दिलं.

मारामारीचं शेवटचं वाक्य: 'मी सगळ्यांना ठार करतो.' ग्रीकमध्ये वर्तमानकाळ आहे, मी तो तसाच ठेवला. इतकी वर्षं झाली तरी त्याच्यासाठी ते अजून चाललंय.

१५ जुलै

दिग्दर्शकाला ८३६ ते ८५० कापायचंय. मी नाही म्हटलं. अर्धा तास फोनवर.

"अगं, एक चोर की अनेक चोर, यात कुणाला रस आहे?"

"अरे, सगळं नाटक त्याच खिळ्याला टांगलंय."

लायस धरून पाच माणसं होती. एक जिवंत परतला. त्याने सांगितलं की दरोडेखोरांनी मारलं, एकाने नाही, अनेकांनी. १२२ व्या ओळीत क्रेऑन, जोकास्टाचा भाऊ, हे अनेकवचनात सांगतो. लगेच पुढच्या वाक्यात इडिपस विचारतो: पैशाची फूस असल्याशिवाय दरोडेखोराची एवढी हिंमत कशी होईल? एकवचन. त्याचं त्यालाही कळलेलं नाही. मराठीत हे फार बारीक दिसतं आणि छान ऐकू येतं: 'दरोडेखोरांनी', 'दरोडेखोराने'. वाचकाला बजावलंय, जोर द्यायचा नाही, नुसतं स्वच्छ उच्चारायचं.

पुढे इडिपस याच आकड्याला लटकतो. तो माणूस अजूनही अनेकच म्हणाला तर मी खुनी नाही, एक म्हणजे अनेक होऊ शकत नाही. त्या माणसाला बोलावणं धाडतो. पण तो येतो तोवर प्रश्नच बदललेला असतो. खुनाबद्दल त्याला कुणी एका शब्दानेही विचारत नाही.

तो माणूस खोटं बोलला होता. का, ते नाटक सांगत नाही. एकट्या वाटसरूने आपल्या चौघांना मारलं आणि मी पळालो, हे कबूल करायची लाज असेल. परत आला तर गादीवर तोच वाटसरू बसलेला! त्याने राणीचा हात धरून विनवलं, मला गावापासून लांब, जिथून हे गाव दिसणारही नाही तिथे, गुरांकडे धाडा. एका नोकराने भीतीपोटी एक अनेकवचन वापरलं आणि त्याच्या आडोशाने एक घर इतकी वर्षं उभं राहिलं. यातलं काहीही कुठल्या देववाणीत नव्हतं.

कापणार नाही असं ठरलं.

२८ जुलै

मेंढपाळ, म्हणजे तोच जिवंत परतलेला नोकर, वाचणारा मुलगा फलटणकडचा. त्याचे आजोबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाआधी परतायचे. सिथेरॉन डोंगरावर थीब्जचा मेंढपाळ दोन कळप घेऊन आणि कॉरिन्थचा एक कळप घेऊन, वसंतापासून स्वाती उगवेपर्यंत, सहा-सहा महिन्यांचे तीन हंगाम शेजारी राहिले होते, हे वाचल्यावर तो म्हणाला, "ताई, हा खोटं बोलतोय."

"कुठे?"

"इथे. 'चटकन आठवत नाही' म्हणतो ना. सहा महिने एका रानात काढलेला माणूस विसरत नसतो. एकाची मेंढरं आजारी पडली तर दुसऱ्याने राखलेली असतात. आठवत नाही म्हणतोय म्हणजे त्याला सगळं आठवतंय."

हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. ती जागा मी विस्मरणाची म्हणून लिहिली होती, अडखळत. आता ती सावध लिहिली.

त्यानेच दुसरी गोष्ट दाखवली. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीखाली कसं धरतात ते त्याने दोन्ही हातांनी करून दाखवलं. एक हात मेंढीच्या मानेवर, दुसऱ्या हाताने कोकराचं तोंड सडाशी. मेंढी आधी हुंगते आणि ढकलते, म्हणून धरून ठेवावं लागतं. सिथेरॉनवर थीब्जच्या मेंढपाळाने नेमकं हेच केलं. मुलाला मारायचा हुकूम होता. त्याने ते कॉरिन्थच्या माणसाला दिलं, लांबच्या गावी जाईल म्हणून. का, असं विचारल्यावर ११७८ व्या ओळीत एकच शब्द, 'कातोइक्तिसास'. मी 'कणव आली' केलं. 'दया' नको. दया वरून खाली येते, कणव पोटातून.

देववाणी खरी ठरली ती या कणवेमुळे. त्या माणसाने हुकूम पाळला असता तर भाकीत तिथेच संपलं असतं. यावर मी दोन दिवस बेचैन आहे. यात कुणाला 'नियतीने चांगुलपणाचाही वापर केला' असं दिसेल. मला उलट दिसतं. त्या एका क्षणी एक माणूस मोकळा होता, त्याने मूल वाचवलं, आणि पुढे काय होईल ते त्याच्या हातात नव्हतं. म्हणून त्याचं वाचवणं चुकीचं ठरत नाही. नाटकात इडिपस नंतर त्याला शाप देतो, मला का वाचवलंस म्हणून. मी तो शाप पूर्ण ठेवलाय. पण माझ्या मनात मी मेंढपाळाच्या बाजूने उभी आहे.

११ ऑगस्ट

जोकास्टा. आतापर्यंत मी तिला घाबरट लिहिलं होतं. चूक. तीन माणसं इडिपसला थांबवायला बघतात: आंधळा द्रष्टा टायरेसियस, जोकास्टा, मेंढपाळ. टायरेसियस तर पुढचं सगळं सांगूनही टाकतो, आंधळा होशील, भिकारी होशील. पण तो सांगतो म्हणून ते होत नाही, राजा पुढे विचारत जातो म्हणून होतं. त्या तिघांत जोकास्टाच अशी आहे की तिला आत्ता, इथे, रंगमंचावर कळतं, आणि ती ते गिळायला तयार होते. ९७७ व्या ओळीपासून ती म्हणत होती की सगळा योगायोगाचा खेळ आहे, पुढचं कुणालाच दिसत नाही, तेव्हा जमेल तसं जगावं. शंभर ओळींत ती तिथून 'मला झालंय तेवढं पुरे, तू शोधू नकोस' इथवर येते. एकटीने ओझं उचलायची ही तयारी म्हणजेही निवडच. तिचं म्हणणं मी खर्ड्यापेक्षा कितीतरी साधं केलं.

आणि एक नोंद, नाहीतर मी इडिपसच्या प्रेमात वाहून जाईन. म्हातारा मेंढपाळ बोलत नाही म्हटल्यावर इडिपस त्याचे हात मागे पिरगाळायला लावतो. सत्याचा शोध म्हणून आपण भारावून जातो तेव्हा ते हात म्हाताऱ्याचे असतात. ही ओळ कापायची नाही.

५ सप्टेंबर

शेवटी 'कोलोनसचा इडिपस'मधला तुकडा जोडावा का, यावर बैठक झाली. ते नाटक सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, ४०१ साली (इसवी सनापूर्वी), त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणलं. त्यात म्हातारा आंधळा इडिपस ठणकावून सांगतो: मी केलं त्यापेक्षा माझ्यावर झालंच जास्त. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची देववाणी, तिचा दोष मला कसा? तुझ्यावर कुणी आत्ता चालून आला तर तू आधी विचारशील का, की बाबा रे, तू माझा बाप तर नाहीस?

वकिली बिनतोड आहे. पण जोडायचं नाही असं मी म्हटलं. या नाटकातला इडिपस बाजू मांडत नाही. हेतू नव्हता, माहीत नव्हतं, हे दोन्ही त्याच्याकडे आहे, तो वापरत नाही. कोलोनसपर्यंत पोचायला त्याला म्हातारपण लागलं. ते आम्ही दहा मिनिटांत आणून जोडणं बरोबर नाही.

१८ सप्टेंबर

१३२९ ते १३३२. डोळे फोडायला कुठल्या देवाने उठवलं, असं कोरस विचारतो. उत्तर:

'अपोलो, अपोलोच तो, गड्यांनो,
ज्याने माझं हे वाटोळं केलं.
पण घाव घातला तो माझ्या हाताने.
दुसऱ्या कुणाच्या नाही.'

चार ओळींत दोन्ही. देवाचं देवाला, माझं मला. आणि यातलं एक खरं तर दुसरं खोटं असं तो मानतच नाही. डोळे फोडणं डेल्फीच्या भाकितात नव्हतं, म्हणून तो ते आपलं म्हणून धरून ठेवतो. 'वाटोळं' लिहिताना थबकले, पण राहू दिलं. तो बोलीतला, रडतानाचा शब्द आहे.

दिग्दर्शकाला या ओळी फोनवर वाचून दाखवल्या. बराच वेळ तो काही बोलला नाही. संध्याकाळी नवं पत्रक आलं. बाहुलं गेलंय. आता फक्त नाटकाचं नाव, तारीख आणि वेळ.

तिठ्याचा प्रश्नही आज सुटला. १३९८ व्या ओळीत इडिपस त्या जागेला हाक मारतो: अहो तीन वाटांनो, माझ्या हातून माझंच रक्त प्यायलात, आठवतंय का? इथे 'रस्त्यांनो' लिहून बघितलं, कोरडं वाटलं. 'वाटांनो' ठेवलं. कुणाला त्यात वाटा ऐकू आला तर येऊ दे. मी तो मुद्दाम आणलेला नाही, भाषेतच होता.

२ ऑक्टोबर

शेवटचं वाचन. काकू पहिल्या रांगेत होत्या.

१४५८ वर अजून काम बाकी होतं. तिथे मोइरा शेवटची येते: 'माझ्या वाट्याचं जे आहे ते जिकडे जायचं तिकडे जाऊ दे.' आणि लगेच तो मुलांकडे वळतो. मुलगे काय, पुरुष आहेत, कुठेही पोट भरतील. पण या दोघी पोरी. माझं ताट वेगळं आणि यांचं वेगळं असं कधी झालं नाही. मी ज्या ज्या घासाला हात लावला त्यात यांचा वाटा असायचाच.

ग्रीकमध्ये इथे मोइरा नाही, 'भागीदार असणं' या अर्थाचं वेगळंच क्रियापद आहे. धातू वेगळा. सात ओळींच्या अंतरात मी दोन्हीकडे 'वाटा' वापरते आहे, मुळात नसलेला एक धागा ओवते आहे, हे मला माहीत आहे. आठ दिवस 'त्याही खायच्या', 'त्यांनाही मिळायचं' असं करून बघितलं. पण बाप मुलीला ताटातलं देतो तेव्हा मराठीत वाटाच देतो. ठेवलं.

इडिपस वाचणाऱ्याने विचारलं, "ताई, 'घास घेतला' म्हणू का? 'हात लावला' जरा अवघड जातंय."

नाही. मुळात स्पर्श आहे. तो आता बघू शकत नाही, मुली कुठे उभ्या आहेत तेही त्याला हाताने चाचपून समजून घ्यायचंय. पुढची हाक त्या हातांचीच आहे, १४८० व्या ओळीत. ती मी त्याच्या प्रतीत पेनाने पुन्हा लिहून दिली, मोठ्या अक्षरात, कारण छापील प्रतीत ओळ पानाच्या तळाशी गेली होती:

'कुठे आहात पोरींनो? या, इकडे या. तुमच्या भावाच्या या हातांपाशी या.'